पहिले वाद्य कोणते? : कॉर्नेटची कूळकथा

आमच्या लहानपणी वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या धर्मग्रामात स्वतःचा बँड असणे ही मोठ्या मानाची गोष्ट समजली जात असे. सणाची मिस्सा आटोपून मिरवणूक निघाली की बँडचा पहिला सूर कानी पडताच वाडीवाडीतील माणसे दारात येऊन उभी राहत. त्या बँडमध्ये शिरण्याची उमेद प्रत्येक मुलाच्या मनात असे. माझ्या एका वर्गमित्राला ती संधी लाभली. मास्तरांनी कपाटातून एक जुने कॉर्नेट काढून त्याच्या हाती दिले. वाद्य विलायती बनावटीचे होते. चांदीचा मुलामा जागोजागी उडालेला असला, तरी त्याचा आवाज खणखणीत होता.

मित्राने वर्षभर नेटाने मेहनत केली. एकटा वाजवीत असला की सारे ठीक वाटे. परंतु इतरांच्या साथीला बसला, की त्याचा सूर सगळ्यांच्या वर तरंगू लागे. मास्तर थांबवीत, सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढावयास सांगत आणि पुन्हा आरंभ करीत. एक स्वर जुळला तर दुसरा बिघडे. शेवटी मास्तर मायेनेच म्हणाले, “बाळा, तुझा कान कच्चा आहे. तू आपला ड्रम घे.” त्याने ड्रम घेतला नाही. बँड सोडला आणि पुन्हा कोणत्याही वाद्याला हात लावला नाही.

त्या कॉर्नेटचे कोडे मला पुष्कळ वर्षांनी उलगडले. आज आपल्या मुलाला किंवा मुलीला बँडमध्ये घालू पाहणारे आईबाप विचारतात, “पहिले वाद्य कोणते घ्यावे?” त्या प्रत्येक वेळी मला तो मित्र आठवतो. या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधण्यापूर्वी इतिहासात शोधावे, असे माझे मत आहे. नवशिक्याच्या हाती कोणते पितळी वाद्य द्यावे याचा निर्णय युरोपातील कारागीर, खाणकामगार आणि गिरणीकामगार यांनी एकोणिसाव्या शतकातच बहुतांशी करून ठेवला आहे.

झडपांपूर्वीचा काळ

आपल्याकडची तुतारी सर्वांना परिचित आहे. तिच्यात भोके नाहीत, कळा नाहीत. वादक ओठांचा ताण कमीजास्त करून जे मोजके स्वर काढील तेवढेच तिचे भांडार. युरोपातील जुन्या ट्रंपेटची स्थिती वेगळी नव्हती. सरळ नळीतून निसर्गनियमाने जे स्वर निघतात, ते खालच्या पट्टीत एकमेकांपासून दूरदूर असतात आणि वर जावे तसे जवळ येतात. सलग चाल वाजवायची तर वादकाला अगदी वरच्या पट्टीत जावे लागे, आणि त्यासाठी आयुष्यभराची तालीम हवी. साहजिकच ही विद्या दरबारी वादकांच्या संघांपुरती मर्यादित राहिली. सामान्य घरातील मुलाने ट्रंपेटवर एखादे साधे भक्तिगीत वाजवावे, ही गोष्ट त्या काळी संभवतच नव्हती.

या अडचणीवर अनेकांनी उपाय योजून पाहिले. व्हिएन्नाचे अंतोन वायडिंगर यांनी नळीला छिद्रे पाडून त्यांवर कळा बसविल्या. त्यांच्याचसाठी हायडन यांनी १७९६ मध्ये ट्रंपेटची सुप्रसिद्ध कॉन्चेर्तो रचली. तथापि छिद्रे उघडली की स्वराचा उजळपणा कमी होई, आणि तो मार्ग फार काळ टिकला नाही.

खरी क्रांती घडविली ती सायलेशिया प्रांतातील दोन वादकांनी. एक हाइनरिख स्टोल्झेल, हॉर्नवादक. दुसरे फ्रीडरिख ब्ल्यूमेल, खाणीच्या बँडमधील वादक. १८१४ च्या सुमारास स्टोल्झेल यांच्या शोधाची वार्ता पसरली आणि १८१८ मध्ये दोघांना मिळून प्रशियाचे पेटंट प्राप्त झाले. कल्पना सोपी होती. बोटाने झडप दाबली की हवा जोडनळीतून वळसा घेऊन जाते, नळीची लांबी वाढते आणि स्वर खाली उतरतो. पुढे रूढ झालेल्या रचनेत पहिली झडप स्वराला दोन अर्धस्वर खाली आणते, दुसरी एक आणि तिसरी तीन. या तिघींच्या मेळातून सप्तकातील सर्व स्वर हाती येतात. १८३८ मध्ये पॅरिसचे पेरिने यांनी या झडपेला जे सुधारित रूप दिले, तेच आपले बँडवाले ज्याला ‘पिस्टन’ म्हणतात त्याचे आजचे रूप होय.

टपालाच्या शिंगाचे कॉर्नेट

युरोपात घोड्यांच्या टपालगाड्यांवर एक आटोपशीर, वेटोळे केलेले शिंग वाजवीत असत. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या कारागिरांनी त्याला झडपा बसविल्या आणि कॉर्नेटचा जन्म झाला. ट्रंपेटची नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकाच जाडीची असते. कॉर्नेटची नळी मात्र हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे त्याचा आवाज मऊ, गोलसर आणि मानवी कंठाला जवळचा वाटतो. आजच्या बी फ्लॅट कॉर्नेटची आणि बी फ्लॅट ट्रंपेटची नळी उलगडून मोजली तर दोन्ही सारख्याच लांबीची, म्हणजे सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटर भरतात. फरक वेटोळ्यांचा आहे. कॉर्नेट अधिक गुंडाळलेले असल्याने त्याचा भार वादकाच्या अंगालगत राहतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मनगटाला हा फरक फार मोठा असतो.

या वाद्याला शिस्तबद्ध शिक्षणपद्धती मिळाली ती ज्याँ-बातिस्त आर्बान (१८२५–१८८९) यांच्यामुळे. त्यांचा अभ्यासग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८६९ मध्ये ते पॅरिसच्या संगीत विद्यालयात कॉर्नेटचे प्राध्यापक झाले. साध्या दीर्घ स्वरापासून अवघड चालींपर्यंत पायरीपायरीने नेणारा त्यांचा ग्रंथ आजही कॉर्नेट व ट्रंपेट शिकणाऱ्यांच्या हाती असतो.

गिरणीकामगारांचा निर्णय

बेल्जियममधील दिनाँ येथे १८१४ मध्ये जन्मलेले अडॉल्फ साक्स १८४२ मध्ये पॅरिसला आले. सॅक्सोफोनचे जनक म्हणून त्यांना जग ओळखते, परंतु बँडवर त्यांचे याहूनही मोठे ऋण आहे. लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीची, एकाच पद्धतीने बोटे चालणारी सॅक्सहॉर्न नावाची वाद्यांची मालिका त्यांनी तयार केली आणि १८४३ व १८४५ मध्ये तिची पेटंटे घेतली. १८४४ मध्ये इंग्लंडचे जॉन डिस्टिन आणि त्यांचे चार पुत्र पॅरिसमध्ये साक्स यांना भेटले. ही वाद्ये घेऊन ते मायदेशी परतले आणि त्यांनी गावोगावी वादनाचे कार्यक्रम केले.

इंग्लंडच्या उत्तर भागात त्या वेळी गिरण्या आणि कोळशाच्या खाणी भरभराटीत होत्या. दिवसभर यंत्रापुढे राबून बोटे राठ झालेल्या माणसाला व्हायोलिन अवघड जाई, पण तीन झडपा दाबणे त्याला जमण्यासारखे होते. १८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात झालेल्या बँडस्पर्धेत मॉस्ली गावच्या मद्यपानविरोधी मंडळाच्या सॅक्सहॉर्न बँडने पहिले पारितोषिक पटकाविले. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, क्वीन्सबरीचे गिरणीमालक जॉन फॉस्टर यांनी आपल्या कामगारांच्या बँडला वाद्ये घेऊन दिली. तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला ब्लॅक डाइक बँड.

या बँडांनी एक मोठी शहाणपणाची रीत पाडली. बेस ट्रॉम्बोन वगळता झडपांच्या सर्व वाद्यांसाठी, अगदी अजस्र बेसच्या वाद्यासाठीसुद्धा, एकाच पद्धतीची स्वरलिपी त्यांनी रूढ केली. कागदावर अमुक चिन्ह दिसले की अमुक झडप दाबायची, मग हातात वाद्य कोणतेही असो. कामगार आजारी पडत, गाव सोडून जात, म्हातारे होत. रिकाम्या जागी दुसऱ्याला बसवायचे तर त्याला सारे नव्याने शिकवावे लागू नये, हा त्यामागील व्यवहार होता. याच रीतीमुळे कॉर्नेटवर शिकलेला मुलगा पुढे टेनर हॉर्न, बॅरिटोन किंवा युफोनियमकडे सहज वळू शकतो. पहिल्या वाद्यावरील मेहनत दुसऱ्या वाद्यावर फुकट जात नाही.

आईबापांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. नवशिक्यासाठी कॉर्नेट उत्तम. ते न मिळाल्यास ट्रंपेट घ्यावी, बोटे तीच चालतात. ज्याचे ओठ जरा जाड आहेत किंवा ज्याला लहान माउथपीसवर सूर धरणे कठीण जाते, त्याने टेनर हॉर्न किंवा बॅरिटोन घेऊन पाहावे. ट्रॉम्बोनला झडपा नसतात, नळी पुढेमागे सरकवावी लागते. लहान मुलाचा हात तिच्या सातव्या स्थानापर्यंत पोहोचत नाही. २०१० नंतर प्लॅस्टिकचे हलके ट्रॉम्बोन निघाले आहेत, त्यांनी भार कमी केला, पण हाताची लांबी काही वाढविली नाही. फ्रेंच हॉर्न दिसायला देखणे असले, तरी त्याचे स्वर इतके जवळजवळ असतात की नवशिका हमखास शेजारच्या स्वरावर घसरतो. कोणतेही वाद्य घ्या, पुढचे कायमचे दात आल्यावर, म्हणजे साधारण आठव्या-नवव्या वर्षी आरंभ करणे श्रेयस्कर.

पलटणीमागून भारतात

ब्रिटिश पलटणींबरोबर ही वाद्ये हिंदुस्थानातील छावण्यांत आली आणि तेथून संस्थानिकांच्या दरबारात व लग्नाच्या वरातीत शिरली. मेरठ शहरात तर बँडच्या वाद्यांचा उद्योगच उभा राहिला. तेथील नादिर अली यांची पेढी १८८५ पासूनची आहे.

गोव्यात मात्र पाया आधीच घातला गेला होता. तेथील चर्चशी जोडलेल्या शाळांतून मेस्त्री मुलांना प्रथम स्वरलिपी वाचावयास शिकवीत. हातात वाद्य यायचे ते त्यानंतर. त्यामुळे गोमंतकीय वादकाला कुठल्याही बँडमध्ये नेऊन बसवा, तो समोरचा कागद वाचून वाजवू शके. पलटणी, संस्थाने आणि पुढे मुंबईची हॉटेले व चित्रपटसृष्टी यांनी या वादकांना आपलेसे केले ते याच गुणामुळे. अल्डोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (१९१६–१९६७), हे मुंबईचे नामवंत ट्रंपेटवादक. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात त्यांचा मोठा सहभाग होता. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड (१९१९–२००७) आणि मडगावचे क्रिस पेरी (१९२८–२००२) हेही ट्रंपेटवादकच.

मेस्त्रींची ही रीत आजही अनुकरणीय आहे. वाद्य विकत घेण्यापूर्वी दोन-तीन महिने मुलाला स्वरलिपी शिकू द्यावी. त्याला खर्च नाही, आणि आवड खरी की क्षणिक हेही कळून येते.

कोड्याचा उलगडा

आता माझ्या मित्राच्या कॉर्नेटकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात सर्वत्र एकच षड्ज, एकच पट्टी नव्हती. इंग्लंडमधील बँड उंच पट्टीत वाजवीत. तेथे सूर लावण्याचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा होता. १९३९ च्या लंडन येथील परिषदेत ४४० कंपनांचा आंतरराष्ट्रीय संकेत ठरला. वाद्यवृंदांनी तो मानला. इंग्लंडच्या ब्रास बँडनी मात्र आपली उंच पट्टी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही, कारण सगळी वाद्ये एकदम बदलण्याइतका पैसा गावोगावच्या बँडपाशी नव्हता. पुढे ती बदलली गेली तेव्हा जुनी वाद्ये स्वस्तात विकली गेली आणि दूरदूरच्या कपाटांत जाऊन पडली.

४५२ आणि ४४० यांतील अंतर जवळजवळ पाव स्वराचे आहे. कुणाही श्रोत्याच्या कानाला ते खुपते. सूर खाली आणण्यासाठी मुख्य नळी सुमारे दोन सेंटिमीटर बाहेर ओढावी लागते. परंतु तेवढ्याने भागत नाही. तिन्ही झडपांच्या जोडनळ्या जुन्या, आखूड नळीच्या मापाने बनविलेल्या असतात. मुख्य नळी लांबली की त्यांचे प्रमाण बिघडते. झडप न दाबता निघणारा स्वर जुळतो आणि झडप दाबून निघणारा बिघडतो. माझ्या मित्राच्या बाबतीत हेच घडत होते. त्याचा कान कच्चा नव्हता. उलट सूर जुळत नाही हे त्याला स्वतःलाच कळत होते, म्हणून तर तो खचला. मास्तरांनाही दोष देता येत नाही. हा प्रकार त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

शिकणारा मूल असले की वाद्याचा दोष त्याच्या माथी बसतो. मोठ्या वादकाला वाईट वाद्य चटकन ओळखता येते. मुलाला तुलना करावयास दुसरे वाद्य नसते, ते स्वतःलाच नालायक ठरविते आणि मुकाट्याने बाजूला होते. बँडच्या कपाटातील जी वाद्ये आपण आपुलकीने मुलांच्या हाती देतो, त्यांतील एखादे अशा रीतीने मुलाला कायमचे संगीतापासून तोडीत असेल.

निवडताना

तेव्हा जुने वाद्य मिळाले तर प्रथम त्याची पट्टी तपासावी. काही अमेरिकन वाद्यांवर उंच पट्टीसाठी ‘एच. पी.’ आणि खालच्या पट्टीसाठी ‘एल. पी.’ अशी अक्षरे कोरलेली आढळतात. अक्षरे नसल्यास जाणत्या वादकाकडून ते वाजवून घ्यावे आणि सूर मोजणाऱ्या यंत्रावर पाहावे. हल्ली हे यंत्र मोबाईल फोनवरही मिळते. केवळ झडप न दाबता निघणारे स्वर तपासू नयेत, सगळे तपासावेत.

झडपा तपासण्याची एक सोपी युक्ती वादकांना ठाऊक असते. झडप न दाबता तिची जोडनळी बाहेर ओढावी आणि मग झडप दाबावी. ‘फट्’ असा आवाज आला तर झडप घट्ट आहे. आवाज आला नाही तर तिथून हवा गळते, आणि मुलाचा अर्धा दम वाया जाणार. झडप दाबून सोडली की ती विनासायास वर आली पाहिजे.

तिसऱ्या झडपेच्या जोडनळीला बोट अडकविण्याची कडी असावी आणि नळी सहज सरकावी. पहिली व तिसरी झडप एकत्र दाबली असता स्वर थोडा चढा निघतो, कारण पहिलीने नळी लांबविल्यावर तिसरीची लांबी अपुरी पडते. सरकती नळी ती उणीव भरून काढते. १८७४ मध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी ही चूक आपोआप सुधारणारी योजना काढली. ती मुख्यतः युफोनियमसारख्या मोठ्या वाद्यांत आढळते. कॉर्नेटवाल्याचा आधार आपली कडीच.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण. ओलाव्यामुळे त्यातील जस्त झिजून जाते आणि तांबूस ठिपके उमटतात. माउथपीसजवळच्या नळीवर असे ठिपके असतील तर ती आतून पोखरली आहे असे समजावे. बाहेरच्या किरकोळ पोचांना मात्र भिऊ नये, आवाजावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

माउथपीस मध्यम मापाचा असावा. व्हिन्सेंट बाख यांच्या मापांत ‘७ सी’ हे नवशिक्यांत रूढ आहे. त्या पद्धतीत आकडा लहान तितका पेला मोठा, हे ध्यानात ठेवावे. कॉर्नेटच्या माउथपीसचा दांडा बारीक असतो, ट्रंपेटचा त्यात बसत नाही.

नवे घ्यायचे तर चकाकी आणि नक्षी पाहून घेऊ नये. ज्याचे सुटे भाग मिळतात आणि जे आपल्या भागातील कारागीर दुरुस्त करू शकतो, तेच घ्यावे. अतिशय स्वस्त, अनोळखी छापाच्या नव्या वाद्यापेक्षा नामांकित बनावटीचे, पट्टी जुळणारे जुने वाद्य बहुधा सरस ठरते. घरी आणल्यावर झडपांना तेल, महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आतील स्वच्छता आणि वाजवून झाल्यावर साचलेले पाणी काढून टाकणे, एवढी निगा पुरे. पाणी कडकडीत घेतल्यास वरचा लॅकर उडतो. कोकणातील पावसाळ्यात वाद्य ओलेच पेटीत कोंडू नये.

माझा मित्र आता आजोबा झाला आहे. मागे त्याला या पट्टीच्या भानगडीविषयी सारे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मला ऐकू येत होतं ते बरोबर होतं तर!” गेल्या सणाला त्याच्या नातवासाठी वाद्य पाहावयास आम्ही दोघे मिळून गेलो होतो. दुकानदार चकचकीत पेट्या पुढे करीत होता. मित्राने एक कॉर्नेट उचलले, नातवाला वाजवावयास दिले, आणि स्वतः डोळे मिटून एकेक स्वर ऐकत उभा राहिला.